धागा: मोगरा, लिंबू, फेणी आणि फ्रीझरातले घोळ

(फोंडा) रविवारी चारचौघं जेवायला येणार होती म्हणून फेणीचं फ्रोजन कॉकटेल करून शायनिंग मारायला गेलो. एक कप फेणी, अर्धा कप लिंबाचा रस, अर्धा कप पाक, वर मोगऱ्याचं पाणी चार चमचे, आणि डबा रात्रभर फ्रीझरात. सकाळी बघतो तर कडेला जरासा बर्फ, मधे सगळं पातळ. मग बर्फाचे खडे टाकून मिक्सर लावला, झाकण उडालं, ओटा चिकट झाला, आणि चव पाणचट. मोगरा तर फेणीपुढे कुठल्या कुठे. तुमच्याकडे काय काय झालंय ते लिहा, जमलं असेल तर प्रमाणासकट.

(म्हापसा) अरे बाबा, फेणीत ४० टक्क्यांच्या वर अल्कोहोल, घरचा फ्रीझर उणे १८, गोठणार कशी? वर पाक, साखरपण गोठू देत नाही. एक वाटी फेणीला बाकी सगळं मिळून चार वाट्या धर. नाहीतर हुर्राक घे (काजूच्या बोंडांच्या रसाची पहिल्या धारेची, हलकी दारू), हंगामात मिळतो तोवर, तो १५ टक्क्यांच्या आसपास असतो आणि फुलाला बोलू देतो.

(वाळपई) मोगऱ्याचं सांगते. पाणी उकळून फुलं टाकलीत तर हिरवट कडू वास येतो, मी एकदा केलंय. संध्याकाळी टपोऱ्या कळ्या काढायच्या, उमलायच्या बेतात असलेल्या, देठ खुडून थंड पाण्यात सोडायच्या आणि वर ताटली झाकायची. रात्री त्या पाण्यातच उमलतात, ताटली उचलली की वास नाकात जातो. सकाळी लगेच गाळायचं, राहिलं तर तपकिरी पडतं. फुलं फक्त घरच्या झाडाची, बाजारातल्या गजऱ्यावर काय फवारलेलं असतं देव जाणे. आणि हौसेने कण्हेर-बिण्हेर सजवायला लावू नका हां, विषारी असते ती.

(मडगाव) गुलाबाचा इसेन्स. अर्धा चमचा. देवघरात पेला घेऊन बसल्यासारखं वाटलं. पुन्हा नाही.

(पेडणे) आमच्या कुंपणावर गोकर्ण आहे, त्याची फुलं कोमट पाण्यात टाकली की निळंशार होतं, लिंबू पिळलं की जांभळं. वास शून्य, पण पोरं खूश (त्यांच्यात दारू नाही, नुसतं सरबत गोठवलेलं). एक शिकले, गोठल्यावर गोडी कमी लागते, म्हणून आधी चाखताना जरा जास्तच गोड वाटायला हवं. आणि लिंबू सालीपर्यंत दाबून पिळू नका, कडवट होतं.

(डिचोली) आमच्याकडे दुपारी लाईट गेली ती साडेतीन तास, त्यामुळे आमचं फ्रोजन म्हणजे लिंबूपाणीच झालं. प्यायलो.

(फोंडा) परत केलं! दोन कप हुर्राक, एक कप वाळपईवालं मोगऱ्याचं पाणी, लिंबू आणि पाक अर्धा अर्धा कप. पसरट डब्यात ठेवलं, दर तासाला काट्याने खरवडलं, चौथ्या वेळी भुसभुशीत झालं, मिक्सर लागलाच नाही. आधी मोगरा येतो आणि मागून काजू. बायको एक चमचा खाऊन म्हणाली, मीठ कुठाय? घातलं. मग मिरची पण चिरून घातली, हुर्राक तो हुर्राकच.