[मंडळ] हापूस बुकिंगच्या नावाने आलेली मेल

प्रेषक: चिटणीस

काका, नमस्कार.

काल रात्रीपासून फोन थांबत नाहीयेत. अध्यक्षांच्या नावाने सगळ्यांना मेल आली आहे: देवगडच्या बागेतून पेट्या थेट अमेरिकेत घरपोच, बुकिंग आजच, पैसे गिफ्ट कार्डाने. अध्यक्षांनी असं काही पाठवलेलंच नाही. दोघांनी कार्डांचे नंबर कळवूनही टाकले. आपली मेलिंग-यादी हॅक झाली का? मूळ मेल हेडरसकट, म्हणजे ती कुठून कशी आली याच्या नोंदीसकट, जोडली आहे.

प्रेषक: यादी व्यवस्थापक, देवगड

ताई, आधी त्या दोघांना कार्डाच्या कंपनीला फोन करायला सांगा. कार्ड अजून वापरलं गेलं नसेल तर रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते. पावती आणि कार्ड टाकू नका म्हणावं.

यादी हॅक झालेली नाही. यादीवरून जाणाऱ्या प्रत्येक मेलच्या हेडरमध्ये 'लिस्ट-आयडी' अशी ओळ असते, विषयाला [मंडळ] लागतं, तळाशी यादीतून बाहेर पडायची लिंक असते. या मेलमध्ये यातलं काहीच नाही. कुणीतरी ती सदस्यांना परस्पर धाडली आहे. मेल खरंच त्या डोमेनवरून आली का हे पाहणाऱ्या दोन तपासण्या, एसपीएफ आणि डीकेआयएम (डिजिटल सही), दोन्ही 'पास' दिसतील, त्यावर जाऊ नका. मेल ज्या फुकट ईमेल खात्याचा पत्ता दाखवते त्यावरूनच निघाली, एवढंच त्यातून कळतं. खात्याला नाव अध्यक्षांचं लावायला कुणाची परवानगी लागत नाही.

लोक फसले याचं मला नवल वाटत नाही. एप्रिल 2014 मध्ये याहूने डीमार्कचं, म्हणजे या तपासण्यांत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारं, धोरण कडक केलं. आपण विषयात [मंडळ] जोडतो, तळाशी ओळी घालतो, त्यामुळे मेलवरची मूळ डिजिटल सही मोडते. याहूवाल्या सदस्याने यादीवर लिहिलं की इतरांचे सर्व्हर ती मेल परत पाठवू लागले आणि परत आलेल्या मेलांपायी भलत्याच सदस्यांची नावं यादीवर स्थगित व्हायला लागली. तेव्हापासून जगभरच्या अनेक याद्या प्रेषकाच्या जागी स्वतःचा पत्ता घालतात. नाव ओळखीचं आणि पत्ता निराळा, याची आपल्या माणसांना सवयच झाली आहे. म्हणून सगळ्यांना एवढंच कळवा: नावावर बोट ठेवून पूर्ण पत्ता उघडा. तो मंडळाच्या डोमेनचा नसेल तर पैशाचं काहीही करू नका, आधी फोन करा.

आणि आंब्याचं इथल्या माणसाकडून ऐका. अमेरिकेने 2007 मध्ये आपला आंबा घ्यायला सुरुवात केली ती विकिरणाच्या, म्हणजे कीड मारायला फळांवर किरणांचा मारा करण्याच्या, अटीवर. बागायतदार परस्पर पार्सलने घरी पेटी पाठवू शकत नाही. असं कुणी म्हणत असेल तर तो खोटंच बोलतोय.

सदस्यांची पत्त्यांची यादी आणि जुन्या मेलांचा संग्रह आजपासून सगळ्यांना उघडा राहणार नाही. नव्या सदस्याची पहिली मेल पूर्वीसारखीच तपासून सोडेन.

एक कळकळीची विनंती. ही खोटी मेल जरूर 'स्पॅम' करा, पण मंडळाची मेल नकोशी झाली म्हणून तेच बटण दाबू नका, तळाची लिंक वापरा. जीमेलला तक्रारी हजारात तीनच्या खाली लागतात. आपली यादी लहान आहे, मोजक्या लोकांनी ते बटण दाबलं तरी सगळ्यांच्या मेली स्पॅममध्ये पडायला लागतील. गणपतीची वर्दी तिथे पडली तर कुणाला कळणार?

प्रेषक: एक सदस्य

काका, विषय निघालाच आहे म्हणून विचारते. आईची फणसाच्या सांदणांची कृती पाठवली होती, फोटो नव्हता तरी अडकली. का?

प्रेषक: यादी व्यवस्थापक, देवगड

यादी चालवणाऱ्या मेलमन या सॉफ्टवेअरची एका मेलच्या आकाराची मर्यादा मुळात 40 केबी असते. देवनागरीचं एकेक अक्षरचिन्ह तीन बाइटचं, मेल पाठवताना वापरल्या जाणाऱ्या बेस64 मांडणीत गेलं की चार. त्यात तुमच्या मेलखाली गेल्या दिवाळीपासूनचा सगळा पत्रव्यवहार चिकटलेला आहे. तो काढून पुन्हा पाठवा. मर्यादा मी आज 200 करतो. मराठीत लिहिणाऱ्याला 40 पुरत नाही.