आधी क्लबफेस, स्विंगचा आकार नंतर: पटतंय का?

सातनंबरी

रविवारी सकाळी गोल्फच्या कुठल्याही ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे सरावाच्या जागेवर, जा. नव्याने शिकणारी मंडळी स्वतःच्या स्विंगचा व्हिडिओ काढतात, बॅकस्विंगच्या (क्लब मागे उचलण्याच्या) टोकाला तो थांबवतात आणि नामवंत गोल्फर रॉरी मॅकिलरॉयच्या फोटोशी ताडून बघतात. खांदे किती फिरले, डावा हात सरळ राहिला का, शाफ्ट (क्लबचा दांडा) कुठे रोखलाय. इकडे चेंडू आपला उजवीकडे वळत कुंपणाबाहेर.

माझं मत असं, की शिकण्याचा क्रमच उलटा झालाय. आधी फेस (क्लबची चेंडूला लागणारी बाजू) शिकावा, मग पाथ (क्लब ज्या वाटेने जातो ती), आणि शरीराची वळणं सगळ्यात शेवटी. (सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी लिहितोय, डावखुऱ्यांनी दिशा उलटून घ्याव्यात.)

क्लब आणि चेंडू एकमेकांना लागून असतात सेकंदाच्या साधारण दोन हजाराव्या भागापुरते. चेंडूला तुमच्या बॅकस्विंगशी काही देणंघेणं नाही. तेवढ्या वेळात फेस कुठे बघतोय, क्लब कुठल्या दिशेने आणि किती वेगाने चाललाय, आणि फेसच्या कुठल्या भागाला चेंडू लागला, एवढ्यावर सगळं ठरतं. त्यातही चेंडू सुटतो कुठल्या दिशेने, हे मुख्यतः फेस ठरवतो: ड्रायव्हरला (सगळ्यात लांब मारायचा क्लब) साधारण ८५ टक्के, आयर्नला (पातळ डोक्याचे धातूचे क्लब) ७५ टक्क्यांच्या आसपास. पाथच्या वाट्याला उरलेलं येतं. हवेतलं वळण येतं ते फेस आणि पाथ यांच्यातल्या फरकातून.

जुन्या शिकवणीत हेच उलटं सांगायचे: चेंडू पाथच्या दिशेने निघतो आणि फेसच्या दिशेला वळतो. त्या हिशेबाने समोरच्या झाडाला वळसा घालायला जा, म्हणजे स्विंग झाडाच्या बाजूने आणि फेस होलमधल्या फ्लॅगकडे. चेंडू थेट बुंध्यावर. डेन्मार्कची ट्रॅकमॅन कंपनी २००३ मध्ये सुरू झाली, रडारवाली यंत्रं हळूहळू रेंजवर पोचली, तेव्हा कुठे हा समज मोडला. खरं तर थिओडोर जॉर्गेन्सन या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने नव्वदच्या दशकातच गणित मांडून ठेवलं होतं. शिकवणाऱ्यांनी फारसं मनावर घेतलं नाही.

अमेरिकन गोल्फर जिम फ्युरिकचा स्विंग आठवा. क्लब वर जातो एका वाटेने, खाली येतो भलत्याच वाटेने. त्याच माणसाने २००३ ची यूएस ओपन जिंकली आणि २०१६ मध्ये पीजीए टूरवर ५८ फटक्यांत फेरी संपवली. ली ट्रेविनो स्वतःच शिकलेला, ग्रिप (क्लबवरची पकड) बरीच उजवीकडे वळवलेली, उभा राहायचा डावीकडे तोंड करून. सहा मेजर, म्हणजे सगळ्यात मोठ्या स्पर्धा, जिंकल्या. आकार वेगवेगळे, पण इम्पॅक्टला फेस दोघांच्याही ताब्यात.

विरोध असेल तर कारणासकट लिहा. 'माझे प्रो म्हणतात' एवढं चालणार नाही.

रेंजमागचा प्रो

मग मीच येतो. शिकवणं हा माझा धंदा आहे.

भौतिकशास्त्र बरोबर, त्यातून काढलेला निष्कर्ष चूक. नवशिक्याची पहिली अडचण दिशा नसतेच. क्लब चेंडूच्या आधी जमिनीला लागतो किंवा चेंडूच्या डोक्यावरून जातो. स्विंगचा सगळ्यात खालचा बिंदू कुठे येतो, यावर ताबा नसतो. चांगल्या खेळाडूचा आयर्नचा डिव्हॉट (क्लबने उखडलेला गवताचा तुकडा) चेंडूच्या पुढे सुरू होतो. नवशिक्याचा मागे. जो चेंडूला नीट लागतच नाही, त्याला फेस दोन अंश उघडा होता की तीन, हे सांगून काय उपयोग?

त्यात आपल्याकडे बहुतेक रेंजवर प्लॅस्टिकची मॅट. क्लब दहा सेंटिमीटर मागे आपटला तरी घसरत पुढे येतो आणि चेंडू उडतो. माणूस खूश. तोच फटका गवतावर मारला की क्लब मातीत रुततो आणि चेंडू पायाजवळच राहतो.

दुसरं, पाथ न बघता फेस बंद करायला शिकवलं की काय होतं ते मी रोज बघतो. बाहेरून आत, म्हणजे क्लब स्वतःच्या अंगाकडे ओढत, मारणारा माणूस असतो. तुम्ही त्याची ग्रिप वळवता, फेस बंद होतो, आणि चेंडू सरळ डावीकडे, शेजारच्या फेअरवेवर (कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर). स्लाइस (उजवीकडे वळणारा फटका) गेला, पुल (सरळ डावीकडे जाणारा) आला. तो पुढच्या आठवड्यात माझ्याकडे येतो आणि विचारतो, आता हे काय?

आणि फ्युरिकबद्दल. लहानपणापासून एकच गुरू, त्याचे वडील. त्या वळणावर त्याने आयुष्य घातलंय. चाळिशीत क्लब हातात घेतलेल्या आयटीवाल्याला त्याचा दाखला देऊ नका.

सातनंबरी

मॅटचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पुलचा नाही.

माणूस बाहेरून आत मारतोच कशामुळे? फेस उघडा, चेंडू उजवीकडे जातो, म्हणून तो नकळत डावीकडे ओढायला लागतो. जितकं डावीकडे ओढेल तितका फेस आणि पाथमधला फरक वाढतो, म्हणजे स्लाइस आणखी मोठा. मग अजून ओढतो. हे चक्र फेसपासून सुरू होतं. तुम्ही फेस बंद केलात आणि चेंडू डावीकडे गेला, तर ती बातमी चांगली आहे. चार-पाच चेंडू डावीकडच्या जाळीत गेले की तोच माणूस कुणी न सांगता आतून मारायला बघतो, कारण आता त्याला उजवीकडची भीती उरलेली नसते. उलट फेस उघडा ठेवून नुसता पाथ सुधारलात, तर चेंडू सुरुवातीपासूनच उजवीकडे, आणि त्याला वाटणार प्रोने आपली वाट लावली.

रफमधला

मी दोन्ही पद्धती करून बघितल्या. चेंडू अजून सापडलेले नाहीत.

वाडेकरांचा चाहता

क्रिकेट बघणाऱ्याला यात नवीन काय आहे? बॅट सरळ खाली आली आणि शेवटच्या क्षणी फेस उघडला, तर चेंडू थर्डमॅनलाच जातो. बॅट सरळ होती म्हणून गोलंदाजाकडे परत जात नाही. शिवाजी पार्कवरच्या दहा वर्षांच्या पोराला हे कळतं. सातनंबरींना माझं मत.

रेंजमागचा प्रो

क्रिकेटवाल्यांनीच माझं डोकं खाल्लंय, राव. थर्डमॅनकडे गेलेला चेंडू वळत नाही, गोल्फचा वळतो, आणि अर्धी डोकेदुखी त्या वळणाची आहे. तुमचा मुद्दा सुटण्याच्या दिशेपुरता खरा. वळणाला पाथ लागतोच.

बाकी सातनंबरी, तुमचं चक्र निम्म्या लोकांना लागू आहे. उरलेले निम्मे पहिल्या दिवसापासून खांद्यांनी सुरुवात करतात, फेस कसाही असो. जोर लावायचा म्हटलं की उजवा खांदा पुढे. ही भीती नव्हे, ही हौस. त्यांना ग्रिप वळवून दिली की ते डावीकडे मारतच राहतात, आणि वर्षभर मारतात. शरीर आपोआप सुधारतं हे ऐकायला छान आहे.

डेट्रॉइटकर

इथे मिशिगनमध्ये हिवाळाभर कोर्स बर्फाखाली, त्यामुळे आमचं गोल्फ सिम्युलेटरवर. आकडे बघून बघून डोळे दुखतात, म्हणून एक गोष्ट सांगावीशी वाटते जी दोघांनीही बाजूला ठेवलीय: चेंडू फेसच्या कुठल्या जागी लागतो.

ड्रायव्हरचा फेस सपाट नसतो, फुगीर असतो. चेंडू फेसच्या टो-वर, म्हणजे बाहेरच्या टोकावर, लागला की क्लबचं डोकं मागे फिरतं आणि दात्यांच्या चाकासारखा उलटा स्पिन चेंडूला मिळतो. चेंडू उजवीकडे निघून डावीकडे वळतो. हीलला (दांड्याकडच्या टोकाला) लागला तर उलट. म्हणजे फेस आणि पाथ दोन्ही ठीक असताना हीलला लागलेला चेंडू स्लाइस होऊ शकतो. माणूस मग ग्रिप बदलत बसतो, ज्याची गरजच नसते. लीगमधल्या एका मित्राचं अगदी हेच चाललं होतं. त्याने दोन पावलं मागे उभं राहणं... म्हणजे दोन सेंटिमीटर मागे सरकणं पुरेसं होतं, गडी ग्रिपवरच अडला होता.

उपाय फुकटात आहे. फेसवर पायाला मारायचा पावडर स्प्रे मारा किंवा चेंडूवर व्हाइटबोर्ड मार्करचा ठिपका काढून तो फेसकडे ठेवा. ठसा कुठे उमटतो ते बघा, आणि मगच फेस की पाथ यावर भांडा.

आणि स्वस्तातल्या लाँच मॉनिटरवर (फटका मोजणाऱ्या यंत्रावर) आंधळा विश्वास नको. बरीच यंत्रं फक्त चेंडू मोजतात आणि फेसचा आकडा त्यावरून काढतात. हीलला लागलेला फटका ती 'फेस उघडा' म्हणून दाखवू शकतात.

जुना अठरा

वयाने मोठा आहे म्हणून बोलतो, रागावू नका. कॅन्टोन्मेंटच्या कोर्सवर आम्ही शिकलो तेव्हा यातलं काहीच नव्हतं. कॅडी (क्लबची पिशवी वाहणारा) म्हणायचा, "साब, हाथ ढीला." झालं शिक्षण.

अली शेर दिल्लीत कॅडी होता. त्याने १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकली, ती जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक. एस. एस. पी. चौरसिया रॉयल कलकत्ता क्लबच्या माळीकाम करणाऱ्याचा मुलगा, बघून बघून शिकला. २००८ ची इंडियन मास्टर्स त्याने दिल्ली गोल्फ क्लबवर जिंकली. तिथे फेअरवेच्या दोन्ही बाजूंना झुडपं, चेंडू आत गेला की विसरा. लांब मारणारे तिथे रडतात, हा सरळ मारत राहिला. त्याला फेसचे अंश कुणी मोजून दिले होते?

सातनंबरी

काका, तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. आकार कुणी शिकवला नाही, चेंडू सरळ जायला हवा एवढंच ध्येय होतं, आणि हातांनी फेस शोधून काढला.

रेंजमागचा प्रो

काका, आदर ठेवून सांगतो. चौरसियाबरोबर त्याच कोर्सवर किती पोरं क्लब फिरवत होती, त्यांचं काय झालं? जिंकलेला एक आपल्याला दिसतो, मागे राहिलेले दिसत नाहीत.

आणि सातनंबरी, तुमच्याकडे फ्युरिक, तर माझ्याकडे टायगर वुड्स. १९९७ ची मास्टर्स बारा फटक्यांनी जिंकला आणि त्यानंतर प्रशिक्षक बुच हार्मनबरोबर बसून अख्खा स्विंग नव्याने बांधला. नुसता चेंडू सरळ जातोय यावर भागत असतं तर बारा फटक्यांनी जिंकलेला माणूस ही उठाठेव कशाला करेल?

सातनंबरी

ती उठाठेव कशासाठी होती ते बघा ना. बॅकस्विंगच्या टोकाला फेस जास्त बंद असायचा आणि ऐन वेळी हातांनी तो सावरावा लागायचा. टायमिंग जुळलं तर ठीक. त्यांनी बदललं त्यात फेस मुख्य होता.

रेंजमागचा प्रो

आणि तो बदलायला सगळा स्विंग बदलावा लागला! हेच तर मी सकाळपासून सांगतोय. फेस हवेत सुटा लटकत नाही, तो मनगटाला, मनगट हाताला, हात खांद्याला.

तीन पुटवाली

तुमचं भांडण छान आहे, पण मला उद्या सकाळी रेंजवर जायचंय. नुकतीच सुरुवात केलीय, सगळं उजवीकडे जातं. नवऱ्याचे जुने क्लब आहेत. नेमकं काय करू?

सातनंबरी

ताई, आधी ग्रिप. क्लब डाव्या हाताच्या तळव्यात नाही, बोटांच्या मुळाशी धरा. खाली बघितल्यावर डाव्या मुठीच्या पाठीवरच्या दोन ते तीन बोटांच्या गाठी दिसायला हव्यात. एकच दिसत असेल तर फेस उघडा राहण्याची शक्यता दाट. फेसची खालची कड लक्ष्याला काटकोनात ठेवून मग पकडा; आधी पकडून मग फेस फिरवलात तर ग्रिप खोटी.

मग अर्धाच स्विंग, घड्याळात नऊ ते तीन. क्लब कमरेइतका वर आल्यावर थांबून बघा: फेस आकाशाकडे बघत असेल तर उघडा आहे. तो साधारण तुमच्या पाठीच्या कण्याइतका पुढे झुकलेला हवा. डावं मनगट मागे वाकलं की फेस उघडतो, सपाट ठेवलं की बंद होत येतो. आणि प्रत्येक चेंडू सुटतो कुठे ते बघा, पडतो कुठे ते नंतर. पहिल्या दहा-पंधरा मीटरमध्ये फेसचं उत्तर मिळतं.

रेंजमागचा प्रो

नऊ ते तीन मलाही मान्य, पण वेगळ्या कारणासाठी. ताई, मॅटवर चेंडूच्या मागे एक वीतभर अंतरावर टॉवेल घडी करून ठेवा. टॉवेलला न लागता चेंडू मारायचा. ते जमेपर्यंत दिशेकडे बघूही नका. टॉवेल हलला तर फटका रद्द, कितीही सरळ गेला तरी.

आणि नवऱ्याचे क्लब बाजूला ठेवा. लांबी, शाफ्टचा ताठपणा आणि लाय (दांडा आणि डोकं यांच्यातला कोन) त्यांच्या मापाचा. तुमच्या उंचीला ते क्लब टो वर करून उभे राहत असतील तर फेस डावीकडे बघणार, आणि जड-ताठ शाफ्टमुळे तो वेळेत बंदही होणार नाही. अशा क्लबवर फेस शिकायचा म्हणजे स्वतःला फसवणं आहे. रेंजवर महिलांसाठीचा सात नंबर आयर्न मागून बघा, बहुतेक ठिकाणी असतो.

डेट्रॉइटकर

आणि मार्करचा ठिपका!

तीन पुटवाली

टॉवेल, ग्रिप, ठिपका. एका वेळी सगळं?

रेंजमागचा प्रो

नाही. मला विचाराल तर पुटरपासून (होलजवळ चेंडू जमिनीवरून घरंगळवायचा क्लब) सुरुवात. तीन मीटरवरून फेस एक अंश चुकला तर चेंडू जवळपास पाच सेंटिमीटर बाजूला जातो. होलचा व्यास १०८ मिलिमीटर, म्हणजे कडेलाच. दोन अंश चुकला तर संपलं. पुटमध्ये हवेतलं वळण नाही, जोराची हौस नाही, फेस काय करतोय ते उघड दिसतं.

सातनंबरी

म्हणजे आधी फेसच शिकवता की तुम्ही!

रेंजमागचा प्रो

पुटरवर. ड्रायव्हर हातात आला की माझं सगळं वर लिहिलेलं लागू.

तीन पुटवाली

आमच्या रेंजला पुटिंग ग्रीन बंद आहे, गवत लावतायत. घरी करता येईल का?

रेंजमागचा प्रो

येईल. सरळ फरशीची रेघ शोधा, तीन फूट पुरे. रेघेवर चेंडू ठेवा आणि समोर पुटरच्या डोक्याएवढं अंतर सोडून दोन पुस्तकं उभी करा. चेंडू पुस्तकाला घासला तर कुठल्या बाजूच्या, तेवढं लिहून ठेवा. उजवीकडच्या पुस्तकाला सतत लागत असेल तर ड्रायव्हरला काय होतंय, याचा अंदाज मला तुम्ही न भेटता येईल.