मदत हवी आहे : पेनकिलर घेऊनही सांधेदुखी थांबत नाही

लालबागचा_भाडेकरू (सोमवार, रात्री ११:५२)

नमस्कार मंडळी,
सांधेदुखीवर डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घेऊन दोन महिने झाले. काडीचा फरक नाही. सकाळी तर रडायची पाळी येते. डॉक्टर बदलला, गोळी बदलली, तेच. मलमं, तेलं, पट्ट्या सगळं झालं. याहून स्ट्राँग काही असतं का? नुसतं नाव सांगा, चिठ्ठीचं मी बघतो. आणि कृपा करून 'वजन कमी करा, चाला' हे नको, ऐकून कान किटलेत. गणपती तीन आठवड्यांवर आलेत, जरा लवकर सांगा.

खडूस_गिरगावकर (रात्री ११:५८)

कोणाचे सांधे? कुठले? वय काय? कुठल्या गोळ्या? धागा काढलाय की कोडं घातलंय?

युरिक_अण्णा (मंगळवार, सकाळी ६:१०)

युरिक अ‍ॅसिड. डोळे मिटून सांगतो. मला पायाच्या अंगठ्यात असं काही धरलं होतं की पांघरूण लागलं तरी ओरडायचो. डाळी, टोमॅटो, पालक बंद करा. आठ दिवसांत फरक.

दादर_पूर्व (सकाळी ८:३३)

सरळ गुडघे बदलून घ्या. सासऱ्यांचे दोन्ही २०१९ साली बदलले, आता शिवाजी पार्कला तीन फेऱ्या मारतात. खर्चाला घाबरू नका. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने इम्प्लांटच्या किमती बांधून दिल्या, कोबाल्ट क्रोमियमचा गुडघा तेव्हा ५४,७२० अधिक जीएसटी असा ठरला. त्याआधी त्याच गुडघ्याला दीड लाखाच्या पुढे मोजावे लागत. फक्त इम्प्लांटची किंमत वेगळी आणि हॉस्पिटलचं बिल वेगळं, ते आधी लिहून घ्या. फिजिओचे पैसे त्यात धरलेत का, रूम कुठली...

लालबागचा_भाडेकरू (सकाळी ९:०५)

गुडघ्याचं कोणी विचारलं? हात आहेत हो, हात. आणि माझे नाही, आईचे. ती पोळ्या लाटते. रोज ऐंशी-नव्वद पोळ्या जातात आमच्याकडून ऑफिसांच्या डब्यांना. आता वीस लाटल्या की लाटणं हातातून सुटतं. ट्रेनमध्ये आहे, नंतर लिहितो.

खडूस_गिरगावकर (सकाळी ९:११)

म्हणजे काल रात्रीपासून आम्ही तुम्हाला म्हातारे समजत होतो. छान.

निवृत्त_सिस्टर (सकाळी १०:२०)

मी ३१ वर्षं पालिकेच्या हॉस्पिटलात काढली आहेत, डॉक्टर नाही. तरी चार गोष्टी सांगाल का? आईंचं वय. बोटांची कुठली पेरं दुखतात, मुठीजवळची की नखाजवळची. दोन्ही हात सारखेच का. आणि सकाळी उठल्यावर हात मोकळे व्हायला किती वेळ लागतो. हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. गोळ्यांची नावं पाकिटावरून बघून लिहा, 'लाल गोळी, पांढरी गोळी' नको.

चिकनगुन्याग्रस्त (सकाळी १०:४१)

मुंबईत पावसाळ्यात हात-पाय धरले की चिकनगुन्याच. मला २०२४ मध्ये झाला. ताप चार दिवसांत गेला, सांधे आठ महिने. सकाळी दात घासायचा ब्रश धरता येत नव्हता. टेस्ट करून घ्या.

युरिक_अण्णा (सकाळी १०:५५)

युरिक अ‍ॅसिडची टेस्ट स्वस्त आहे, आधी ती करा.

लालबागचा_भाडेकरू (दुपारी १:४०)

वय ६१. ताप वगैरे काही नव्हता. मुठीजवळची पेरं आणि मनगटं, दोन्ही हात, सुजलेली आणि गरम. सकाळी सहाला उठते, साडेसात-आठपर्यंत दुधाची पिशवीसुद्धा कापता येत नाही. पूर्वी पाचलाच कणीक मळून व्हायची.
गोळ्या: हाडाच्या डॉक्टरांची एटोरिकॉक्सिब ९०. तिने भागत नाही म्हणून आमच्या नेहमीच्या डॉक्टरांची अ‍ॅसिक्लोफिनॅक आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली, दिवसातून दोनदा. आणि अ‍ॅसिडिटीची. युरिक अ‍ॅसिड नॉर्मल आहे अण्णा, एप्रिलमध्येच केलं होतं.

निवृत्त_सिस्टर (दुपारी १:५२)

अहो, एटोरिकॉक्सिब आणि अ‍ॅसिक्लोफिनॅक एकाच जातीच्या आहेत. दोन्ही एकदम घेतल्या म्हणून दुखणं दुप्पट कमी होत नाही, पोटात रक्तस्राव आणि किडनीला धोका मात्र वाढतो. बीपी कधी मोजलं होतं? एटोरिकॉक्सिबने ते चढतं. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी दाखवलीत का?

लालबागचा_भाडेकरू (दुपारी १:५९)

नाही. दुसऱ्या डॉक्टरांना राग येतो. बीपीची गोळी चालू आहेच, ती सगळ्यांचीच असते.

निर्गुडी_काका (दुपारी २:२०)

हा आमवात आहे. आम्हाला बघायलाही लागत नाही, सकाळी जखडणं म्हणजे आम, न पचलेलं अंगात साठणं. वेदना दाबून आम कसा जाईल? पाव चमचा सुंठ गरम पाण्यात उकळून त्यात चमचाभर एरंडेल, रात्री. निर्गुडीच्या पाल्याचा शेक. दही, उडीद, शिळं बंद. कर्जतजवळ एक वैद्य पुड्या देतात, माझ्या मेव्हणीला तिसऱ्या दिवशी उतार पडला. पत्ता खाजगी निरोपाने पाठवतो.

निवृत्त_सिस्टर (दुपारी २:३१)

काका, सुंठ-एरंडेलाला माझा विरोध नाही, जुलाब झाले तर आवरता येतील. पण तिसऱ्या दिवशी चमत्कार करणाऱ्या, कागदात बांधलेल्या, नाव नसलेल्या पुड्या मी वॉर्डात पुष्कळ पाहिल्यात. त्यात स्टिरॉइड कुटून घातलेलं असू शकतं. माणूस खूश होतो, चेहरा गोल होतो, साखर चढते, आणि पुडी अचानक थांबवली की आडवा होतो. आमच्याकडे तो आडवा झाल्यावरच यायचा.

निर्गुडी_काका (दुपारी २:४४)

अ‍ॅलोपॅथीवाले स्टिरॉइड देतात तेव्हा ते औषध, वैद्याने दिलं तर विष? आणि मेव्हणीचा चेहरा आधीपासूनच गोल आहे.

निवृत्त_सिस्टर (दुपारी २:५०)

डॉक्टर देतात तेव्हा किती मिलिग्रॅम आणि कधी कमी करायचं ते चिठ्ठीवर लिहिलेलं असतं. एवढाच फरक आहे, पण मोठा आहे.

अबोली_ठाणे (दुपारी ३:१५)

भाडेकरूभाऊ, तुमच्या आईचं वर्णन वाचून माझीच चौदा वर्षांपूर्वीची सकाळ आठवली. मला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस (आरए) आहे. मराठीत त्याला आमवात म्हणतात आणि झिजेच्या दुखण्याला संधिवात, पण लोक दोन्हीला 'वात' म्हणून मोकळे होतात आणि घोळ तिथेच होतो. झिजलेला सांधा सकाळी दहा-पंधरा मिनिटं कुरकुरतो, अर्ध्या तासाच्या आत मोकळा होतो. तास-दीड तास जखडणं, दोन्ही हात, सूज, गरम, हे वेगळं प्रकरण. यात शरीराची स्वतःची संरक्षणयंत्रणाच सांध्याच्या अस्तरावर उलटते. पेनकिलर फक्त कळ दाबते, आतलं कुरतडणं चालूच राहतं. त्यामुळे 'याहून स्ट्राँग पेनकिलर' हा प्रश्नच चुकीच्या दारावर चाललाय.

रक्ताच्या तपासण्यांपैकी आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी (या दोन याच आजाराच्या खुणा शोधतात), ईएसआर, सीआरपी (या सूज दाखवतात) यातलं काही केलंय का? आणि या तिन्ही गोळ्यांशिवाय अजून एखादी होती का? कितीही बारीक वाटली तरी सांगा.

लालबागचा_भाडेकरू (संध्याकाळी ७:३०)

अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह आहे, फाइलमध्ये सापडलं. हो, हाडाच्या डॉक्टरांनी जूनमध्ये एका संधिवाताच्या डॉक्टरांकडे (ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट) पाठवलं होतं. त्यांनी बारीक पिवळी गोळी दिली होती, आठवड्यातून एकदा. ती बंद केली. तिचा दुखण्याशी काही संबंध नव्हता. तीन आठवडे घेऊन शून्य फरक, आणि ताईने नेटवर बघितलं तर ते कॅन्सरचं औषध निघालं. आईने ते ऐकलं आणि दोन दिवस जेवली नाही. म्हणून इथे लिहिलं नव्हतं.

अबोली_ठाणे (संध्याकाळी ७:३४)

!!!

निवृत्त_सिस्टर (संध्याकाळी ७:३६)

मेथोट्रेक्सेट. आणि हे तुम्ही एकोणीस तासांनी सांगताय.

खडूस_गिरगावकर (संध्याकाळी ७:४०)

मुख्य पात्र तिसऱ्या अंकात आलं.

अबोली_ठाणे (संध्याकाळी ७:५५)

आईंना माझ्याकडून सांगा. मी तीच गोळी चौदा वर्षं घेतेय, धाकटी मुलगी बारावीला आहे, आणि काल मी चार किलो कैऱ्या चिरल्या. (बाजारातल्या बारमाही कैऱ्या, लोणच्याला तितक्या बऱ्या नाहीत.) कॅन्सरसाठी देतात तो डोस फार मोठा असतो, आपल्याला आठवड्याला साडेसात ते पंचवीस मिलिग्रॅम. ती पेनकिलर नव्हे, म्हणून दुसऱ्या दिवशी काही वाटत नाही. परिणाम दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात, तुम्ही तिसऱ्या आठवड्यात सोडलीत. मधल्या काळासाठी डॉक्टर हवं तर छोट्या डोसचं स्टिरॉइड देतात.

पण उद्या सकाळी उठून आपल्या मनाने परत सुरू करू नका. आधी रक्ताच्या पेशी, लिव्हर, किडनी तपासून घेतात, पुढेही ठरावीक दिवसांनी. सोबत फॉलिक अ‍ॅसिड असतं, तेही वाटेत टाकलं असेल तर सांगा.

निवृत्त_सिस्टर (रात्री ८:०२)

आणि एक, हे मोठ्या अक्षरात वाचा. आठवड्यातून एकदा म्हणजे एकदाच. रोज घेतली गेल्यामुळे तोंड आतून सोललेले, पेशी घसरलेले रुग्ण मी पाहिलेत. डबीवर वाराचं नाव लिहा. जो डॉक्टर वेदनाशामक देईल त्याला ही गोळी चालू आहे हे सांगा. बाहेरचं महाग पडत असेल तर केईएममध्ये संधिवाताची ओपीडी आहे, वार आधी विचारून जा.

गिधाडमित्र (रात्री ९:१८)

अवांतर, पण पेनकिलरचा विषय निघालाच आहे तर. डायक्लोफिनॅक दिलेली गुरं मेली आणि ती गिधाडांनी खाल्ली की गिधाडांच्या किडन्या बंद पडायच्या. नव्वदच्या दशकात देशातली बहुतेक गिधाडं अशीच संपली. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली, मेलॉक्सिकॅम त्यांना चालतं. मलबार हिलवर डुंगरवाडीला, जिथे मृतदेह गिधाडांसाठी ठेवतात, पारशी मंडळींना सूर्यकिरण एकवटणारे आरसे बसवावे लागले ते यामुळेच.

चिकनगुन्याग्रस्त (रात्री ९:३०)

भारी माहिती. वेगळा धागा काढा.

खडूस_गिरगावकर (रात्री ९:३३)

किडनीबद्दल सिस्टर दुपारपासून तेच सांगताहेत, फक्त गिधाडं न घालता.

फिजिओ_परळ (रात्री १०:०५)

औषध लागू पडेपर्यंत हातांचं काय, हे कोणी बोलतच नाहीये. सांधा गरम आणि सुजलेला असेल तर शेक नको, थंड पट्टी दहा मिनिटं. सकाळी जखडलेला असेल तर कोमट पाण्यात हात बुडवून बोटं उघड-मीट. रात्री मनगटाला स्प्लिंट. लाटण्याच्या मुठींना जुनी सुती पट्टी गुंडाळून जाड करा, बारीक मूठ धरायला जास्त जोर लागतो. कणीक मळायला यंत्र घ्या, लाटण्यापेक्षा मळणं हातांवर जास्त येतं. पिळणं पूर्ण बंद, ओली चादर तर नाहीच.

लालबागचा_भाडेकरू (शुक्रवार, रात्री १०:४०)

अपडेट. संधिवाताच्या त्याच डॉक्टरांकडे गेलो. ओरडा खाल्ला, मी आणि ताई दोघांनी. बीपी १६४/९६ निघालं, एटोरिकॉक्सिब बंद, दोनपैकी एकही रोज घ्यायची नाही. रक्ताचे रिपोर्ट ठीक आले, पिवळी गोळी परत सुरू, दुसऱ्या दिवशी फॉलिक. स्टिरॉइडची बारीक गोळी थोडे आठवडे, ती कशी कमी करायची ते लिहून दिलंय. गणपतीपर्यंत हात मोकळे होतील का विचारलं तर म्हणाले, मोदक या वर्षी विकत आणा. आईने त्यांच्याकडे असं बघितलं की विचारू नका.

अबोलीताई, कैऱ्यांचं आईला सांगितलं. ती म्हणाली, 'चार किलो? एकटीने?' त्या रात्री जेवली. कणकेचं यंत्र मात्र नको म्हणते, पोळीला चव येत नाही म्हणे. ताई उद्या न विचारता आणणार आहे.

आता प्रश्न वाराचा. सोमवारी तिचा उपास. गुरुवारी दत्ताचा. मंगळवारी गणपतीचा. शनिवारी मारुतीला जाते आणि त्या दिवशी औषध सुरू करत नाहीत म्हणते.

अबोली_ठाणे (रात्री १०:४८)

बुधवार घ्या, माझाही बुधवारच आहे. दुसऱ्या दिवशी कधीकधी जरा मळमळतं, मी रात्री जेवल्यावर घेते म्हणजे झोपेत जातं.

लालबागचा_भाडेकरू (रात्री १०:५५)

बुधवारी कोळीण येते, तो वार नको म्हणते. रविवार ठरवला. कालनिर्णयवर पुढच्या बारा रविवारांना लाल गोल केलेत.

युरिक_अण्णा (रात्री ११:०२)

डाळी तरी कमी करून बघा.

खडूस_गिरगावकर (रात्री ११:०४)

रविवारी मेगाब्लॉक असतो, गोळी आदल्या दिवशीच आणून ठेवा.