बहिणीला डीएम मेडिकल जेनेटिक्स करायचंय, घरात कुणालाच पटत नाही

मिरजकर_दादा:
नमस्कार मंडळी, धाकटी बहीण एमडी पेडियाट्रिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि आता म्हणतेय डीएम मेडिकल जेनेटिक्स (एमडीनंतरची सुपरस्पेशालिटी, अनुवंशिक आजारांची) करणार, पुढं युनिव्हर्सिटीत डिपार्टमेंट सांभाळणार. आबा म्हणतात सांगलीत स्वतःचा दवाखाना टाक, हे जेनेटिक्स कुणाला कळतंय. ह्या लाइनमध्ये नेमकं काम काय असतं हो?

कराडचा_डॉक्टर:
डीएम ३ वर्षांचं, नीट एसएस ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते (एम्ससाठी वेगळी आयएनआय-एसएस), पेडियाट्रिक्सवाल्यांना चालतं. लखनौचं एसजीपीजीआय, दिल्लीचं एम्स ही नावाजलेली ठिकाणं. सीटा थोड्या असतात. एचओडी (डिपार्टमेंटचा हेड) म्हणजे नुसती लॅब नाही, ओपीडी असते, रेसिडेंटना शिकवायचं, किट आणि मशीनच्या पैशासाठी ग्रँटचे अर्ज लिहीत बसायचं, आणि एक्झोमच्या (जनुकांच्या तपासणीच्या) रिपोर्टमध्ये अर्थ न लागलेला बदल निघाला की आईबापांना काय सांगायचं ते शेवटी हेडनंच ठरवायचं. खाजगी प्रॅक्टिसएवढा पैसा नाही, हे खरं. पण आपल्याकडं अजून सख्ख्या मामाच्या पोरीशी लग्नं होतात, त्या दोघांची सरासरी १/८ जनुकं एकाच आजी-आजोबांकडून आलेली असतात, त्यामुळं पोरांना अनुवंशिक आजाराचा धोका वाढतो, मग सांगली-साताऱ्याला हा डॉक्टर नको का?

तासगावची_आई:
दादा, आबांना हे वाचून दाखवा. माझं पोरगं ४ वर्षांचं असताना खाली बसलं की मांडीवर हात टेकत टेकत उठायचं. अशक्तपणा म्हणून टॉनिक दिलं, २ वर्षं त्यातच गेली. मग पुण्यात जेनेटिक्सच्या मॅडमनी कोरा कागद घेतला, पुरुष चौकोन, बाई गोल, अशा तीन पिढ्या काढल्या, माझा मामा तरुणपणीच गेला होता त्याचा चौकोन पेनानं काळा केला आणि त्यावर तिरकी रेघ मारली. डुशेन निघालं, म्हणजे स्नायू कमजोर होत जाणारा, बहुधा आईकडून पोराकडं येणारा अनुवंशिक आजार. सासूबाई मला बोलायच्या, त्यांना मॅडमनी समोर बसवून सांगितलं की ह्यात सुनेची काहीच चूक नाही. माझ्या पाठच्या बहिणीला दिवस गेलेले, तिची टेस्ट लगेच करून घेतली, ती वाहक नव्हती, म्हणजे तिच्यात तो जनुकाचा दोष नव्हता. त्या रात्री आम्ही दोघी फोनवर नुसत्या रडत होतो.

मिरजकर_दादा:
ताई, वाचून दाखवलं. आबा बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले आपल्या वाळव्याच्या आत्याचा पोरगा पण असाच मांडीवर हात ठेवून उठायचा. त्याची बहीण आता लग्नाची आहे, तिला कुठं दाखवायचं?

कराडचा_डॉक्टर:
पोराचा जुना रिपोर्ट असेल तर तो आधी शोधा, त्यावरून पोरीची टेस्ट सोपी जाते. आणि ते तुमच्या बहिणीलाच विचारा की, घरातली पहिली केस तिचीच.