जीनोम ब्राउझर शिकवायचा तर आधी आयजीव्ही की यूसीएससी?

गोदाकाठ:
मराठवाड्यातल्या एमएस्सी बायोटेकच्या पोरांच्या हातात पहिला जीनोम ब्राउझर, म्हणजे डीएनएचा क्रम नकाशासारखा दाखवणारं सॉफ्टवेअर, कोणता द्यावा: मशीनवर बसवायचा आयजीव्ही की वेबसाइटवरचा यूसीएससी? माझं मत आयजीव्हीला, तेही डेस्कटॉपवरच्या. फाईल आपल्याच मशीनवर राहते, आणि जीनोम एकदा उतरवून घेतला की नेट गेलं तरी काम अडत नाही. सुरुवातीलाच अख्खी बॅम फाईल (रीड, म्हणजे सिक्वेन्सिंगमधून आलेले डीएनएचे छोटे तुकडे, जीनोमवर कुठे बसतात त्याची नोंद) देऊ नका. सॅमटूल्स या कमांडलाईन साधनाने ती आधी सॉर्ट आणि इंडेक्स करा, मग त्यातल्या व्ह्यूने एकाच जीनभोवतीचा भाग कापा आणि तो तुकडाही इंडेक्स करा. बॅम आणि तिचा इंडेक्स, बीएआय, एकाच फोल्डरमध्ये ठेवा. फाईल उघडल्यावर रीड दिसत नाहीत म्हणून पोरं घाबरतात, पण बिघाड काही नसतो. मूळ सेटिंगमध्ये ३० केबीपेक्षा, म्हणजे ३० हजार बेसपेक्षा, मोठा पट्टा समोर असेल तर आयजीव्ही रीड काढतच नाही. झूम करा, दिसतात.

बालाघाट:
अजिबात पटत नाही. जीन डीएनएच्या दोन धाग्यांपैकी कुठल्या स्ट्रँडवर आहे हे कळत नसताना रीड बघून काय हाती लागणार? आधी यूसीएससी, माणसाच्या जीनोमची एचजी३८ ही आवृत्ती (असेम्ब्ली), हिमोग्लोबिनचा एचबीबी जीन. सिकलसेलचा बदल, डेटाबेसमधला क्रमांक आरएस३३४, क्रोमोसोम ११ वर ५,२२७,००२ या जागी आहे. पुस्तकात जीएजीचा जीटीजी, म्हणजे ए चा टी. ब्राउझरमध्ये मात्र टी चा ए दिसतो, कारण एचबीबी मायनस स्ट्रँडवर आहे आणि ब्राउझर प्लस स्ट्रँड दाखवतो. एवढं डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं. आणि याला बॅम लागत नाही.

गोदाकाठ:
तुमचंच उदाहरण घेऊ. एचजी१९ या जुन्या असेम्ब्लीत हाच बदल ५,२४८,२३२ वर आहे, म्हणजे २१,२३० बेसचा फरक. एचजी१९ वर अलाइन केलेली बॅम एचजी३८ वर उघडली तर क्रोमोसोमची नावं जुळतात, त्यामुळे एररही येत नाही. फक्त रीडभर न जुळणाऱ्या बेसचे रंगच रंग दिसतात. योग्य असेम्ब्लीवर रीड राखाडी असतात, आणि वाहकाच्या नमुन्यात त्या एकाच जागी कव्हरेजची (किती रीड आहेत ते दाखवणारी) पट्टी अर्धी लाल, अर्धी हिरवी होते: टी लाल, ए हिरवा. चुकीची असेम्ब्ली ओळखायची ही नजर रीड पाहूनच येते.

मांजरा:
दोघंही माणसाच्या जीनोमवरच अडलात. आपल्याकडे निम्मी पोरं ज्वारी, तूर, हरभऱ्यावर काम करणार. ज्वारी एन्सेम्बल प्लांट्स या वनस्पतींच्या जीनोम साइटवर आहे, पण स्वतःचा डेटा आयजीव्हीतच बघणं सोपं. जीनोम मेनूतून फास्टा, म्हणजे जीनोमच्या क्रमाची फाईल, उघडा. तिचा एफएआय इंडेक्स नसेल तर तो फास्टाशेजारीच तयार होतो, म्हणून त्या फोल्डरमध्ये लिहायची परवानगी हवी. त्यानंतर जीएफएफ३, म्हणजे जीन कुठे आहेत त्याची फाईल. बहुतेक जण इथेच अडकतात. एनसीबीआय या डेटाबेसच्या फास्टात क्रोमोसोमचं नाव 'एनसी'ने सुरू होतं, एन्सेम्बलच्या जीएफएफमध्ये नुसता १. जीनचा ट्रॅक रिकामा दिसतो आणि का ते कुणी सांगत नाही. दोन्ही फाईली एकाच ठिकाणाहून, एकाच आवृत्तीच्या घ्या. नाहीतर कुठलं नाव कशाच्या बरोबरीचं ते सांगणारी अलियास फाईल द्या.

पूर्णा:
मांजरा यांच्या मुद्द्यात भर. ज्वारीचा निम्म्याहून जास्त जीनोम पुनरावृत्त आहे. तिथे पांढरे, पोकळ रीड दिसतील. त्यांची मॅपिंग क्वालिटी शून्य असते, म्हणजे तो रीड दुसरीकडेही तितकाच चपखल बसतो. अशा जागचा एसएनपी (एका बेसचा बदल) प्रबंधात घालू नका. व्हीसीएफ, म्हणजे अशा बदलांच्या यादीची फाईल, साध्या जीझिपने दाबली तर टॅबिक्स हे साधन तिचा इंडेक्स करत नाही, बीजीझिपच लागतं.

बालाघाट:
पिकांचं मान्य. रुग्णांचा डेटा बाहेरच्या सर्व्हरवर टाकू नये, हेही मान्य. शिवाय यूसीएससीला बॅम दाखवायची तर फाईलचे तुकडे मागता येतील अशा वेब सर्व्हरवर ती ठेवावी लागते, ड्राइव्हची शेअर लिंक चालत नाही. तरी पहिला तास यूसीएससीचाच हवा. पोरांना स्वतः एक ओळीची बेड फाईल (जीनोमवरच्या जागांची यादी) लिहायला लावा. आरएस३३४ साठी सुरुवात ५२२७००१, शेवट ५२२७००२, कारण बेड शून्यापासून मोजतं आणि जीएफएफ एकापासून. हे आयजीव्हीत आयत्या फाईली उघडून कळत नाही.

गोदाकाठ:
बेडची ओळ आयजीव्हीतही तशीच उघडते. तीस मशीन एका लाईनवर असताना सगळ्यांनी एकदम यूसीएससी उघडलं की तास तिथेच संपतो. ज्वारीचा फास्टा साधारण ७०० एमबी. आदल्या दिवशी पेनड्राइव्हने सगळ्या मशीनवर टाका, एफएआयसकट.