वडिलांची एटीव्ही कोडगूला विकली आहे. तिची पाठवणी नीट कशी करावी?

केळीबाग, रावेर

नमस्कार. माझी शेती रावेर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. वडिलांनी २०१४ साली पुण्याच्या एका विक्रेत्याकडून एटीव्ही, म्हणजे चार रुंद चाकांची, हँडलने वळवायची शेतगाडी घेतली. त्यांचे गुडघे त्या सुमारास पार झिजले होते आणि बागेत रोज एक फेरी झाल्याशिवाय त्यांना जेवण गोड लागत नसे. ट्रॅक्टर केळीच्या ओळींत शिरत नाही, मोटारसायकल ठिबक सोडल्यावर ओल्या मातीत रुतते; ही गाडी मात्र पावसाळ्यात लावलेल्या मृगबागेतून नंतर लावलेल्या कांदेबागेत, चारीवरून आणि बांधावरून सारखीच चालत असे. रात्रीच्या पाळीची वीज आली की ते तिच्यावर बसून मोटार सुरू करायला जात. सीएमव्ही या विषाणूरोगाची पिवळट झाडे हुडकून उपटायची तीही याच गाडीवरून, आणि उपटलेली झाडे बागेबाहेर ओढून न्यायची तीही हिलाच बांधून.

वडील जाऊन दोन वर्षे झाली. माझी शेती आता निम्म्यावर आली आहे आणि गाडी खळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते. दर आठवड्याला मी ती सुरू करतो, परंतु उभ्या गाडीचे रबर आणि बॅटरी दोन्ही खराब होतात, हे डोळ्यांना दिसते आहे. जवळपासच्या दोघांनी विचारणा केली होती, पण दोघांनाही ती इंजिनसाठी खोलायची होती. आईने ते ऐकले आणि त्या दिवशी ती जेवली नाही. त्यानंतर कर्नाटकातल्या कोडगू जिल्ह्यातील, मडिकेरीजवळच्या एका कॉफी बागायतदारांनी जाहिरात पाहून फोन केला. त्यांच्या मळ्यात उताराच्या वाटा आहेत आणि त्यांना गाडी त्याच कामासाठी हवी आहे, ज्या कामासाठी वडिलांनी घेतली होती. तीन वेळा व्हिडिओवर बोलणे होऊन २ लाख ४० हजार रुपयांना व्यवहार ठरला.

आता अडचण पाठवण्याची आहे. अंतर हजार-बाराशे किलोमीटरचे आहे. एका ट्रान्सपोर्टने इतर मालाबरोबर नेण्याचे १४ हजार सांगितले, दुसऱ्याने स्वतंत्र पिकअपचे ३२ हजार. हे भाडे खरेदीदार देणार आहेत, त्यामुळे त्यांचा ओढा साहजिकच पहिल्याकडे आहे. भुसावळहून मंगला एक्स्प्रेस थेट मंगळूरला जाते, तेव्हा रेल्वेचा विचारही मनात येतो. वाटेत मोडतोड झाली तर ती कोणाची, पैसे आधी घ्यावेत की गाडी पोहोचल्यावर, आणि गाडीला आरटीओची नोंदणीच नाही, बिलही वडिलांच्या नावावर आहे, त्याचे काय करावे? अनुभवी मंडळींनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

भुसावळ मालवाहतूक

भाऊ, मी पंचवीस वर्षे हुंडेकरीचा, म्हणजे माल पोहोचवण्याचा, धंदा करतो, म्हणून गाडी भरण्यापासूनच सांगतो. नुकसान बहुतेक वेळा रस्त्यावर होत नाही, चढवताना आणि उतरवताना होते.

रेल्वेने मोटारसायकल पाठवणे सोपे आहे. टाकी रिकामी करतात, गोणपाट गुंडाळतात, नावपत्त्याची पाटी लावतात आणि दोन हमाल ती ढकलत डब्यात नेतात. तुमची गाडी सव्वातीनशे किलोच्या घरातली आणि चार फूट रुंद असणार. भुसावळ हे गाडी सुटण्याचे स्थानक नाही, मधले आहे. काही मिनिटांच्या थांब्यात एवढा नग पार्सलच्या डब्यात चढवून बांधायचा आणि मंगळूरला तशाच घाईत उतरवायचा, हे मला धोक्याचे वाटते. शिवाय मंगळूरपासून मडिकेरीपर्यंत घाटाचा रस्ता उरतोच, त्यासाठी पुन्हा वेगळे वाहन करावे लागेल.

चौदा हजारांचे भाडे स्वस्त का, तेही समजून घ्या. इतर मालाबरोबर जाणारी वस्तू एकाच ट्रकमध्ये शेवटपर्यंत जात नाही. ती वाटेतल्या एक-दोन गोदामांत उतरते आणि दुसऱ्या गाडीत चढते. प्रत्येक ठिकाणी नवे हमाल, नवी घाई; आणि चार चाकांची वस्तू दिसली की तिच्या कॅरिअरवर दुसऱ्यांची खोकी रचली जातात. हाच मार्ग घ्यायचा असेल तर लाकडी चौकट करून घ्या. खालचा पाट जाड असावा, चारही बाजूंना उभ्या फळ्या असाव्यात आणि चौकटीची उंची हँडलच्या वर गेलेली असावी, म्हणजे वर माल ठेवला तरी भार लाकडावर येईल. आपल्याकडे सुतार हे दोन दिवसांत करून देतो. मी तुमच्या जागी असतो तर घेणाऱ्यांशी बोलून स्वतंत्र पिकअप ठरवला असता. कर्नाटकातून इकडे माल घेऊन आलेली आणि रिकामी परतणारी गाडी मिळाली, तर ३२ हजारांचे भाडे बरेच खाली येते. केळीच्या हंगामात तुमच्या भागात बाहेरच्या गाड्या येतच असतात. दलालाला चार दिवस आधी सांगून ठेवा.

चढवण्यासाठी केळीच्या पॅकहाऊसचा धक्का, म्हणजे माल चढवायचा ओटा, वापरा. ट्रकच्या हौद्याला तो बरोबर लागतो, फळ्यांची गरज पडत नाही. फळ्या लावाव्याच लागल्या तर त्या आधी वाहनाला साखळीने बांधा. मागच्या चाकांनी जोर घेतला की सुट्या फळ्या मागे निसटतात आणि गाडी माणसासह उलटते. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

पेट्रोल अगदी तळाशी ठेवा. आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. भरलेल्या टाकीतले पेट्रोल तापून फुगते आणि झाकणातून वाफ सुटते. बॅटरीची ऋण बाजूची वायर काढून तिच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळा. बांधण्यासाठी सुती दोर नको, रॅचेटचे, म्हणजे खटक्याने आवळायचे, पट्टे घ्या. दोन पुढे, दोन मागे, तिरके ओढलेले. त्यांचे आकडे गाडीच्या सांगाड्याला अडकवावेत, कॅरिअरला किंवा हँडलला नाही. शॉक अ‍ॅब्सॉर्बर थोडे दबेपर्यंत पट्टे आवळा, चाकांपुढे लाकडी ठोकळे मारा आणि पार्किंग ब्रेक लावा. या गाड्यांच्या टायरमध्ये हवा मुळातच फार कमी असते. ती आणखी उतरली की गाडी खाली बसते आणि पट्टे सैल पडतात, म्हणून टायरवर छापलेल्या मर्यादेत राहून हवा पुरेशी भरा, आणि पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर थांबून पट्टे पुन्हा आवळायचे, हे चालकाकडून कबूल करून घ्या.

वकील, धुळे

वरील सल्ला उत्तम आहे. मी कागदांविषयी लिहितो, कारण तुमच्या प्रश्नातील सर्वांत नाजूक गोष्ट वाहतूक नसून बिलावरील नाव आहे.

ही गाडी तुमच्या वडिलांची जंगम मालमत्ता होती. त्यांनी मृत्युपत्र केले नसेल, तर हिंदू वारसा कायदा, १९५६ नुसार पत्नी, मुलगे आणि मुली हे प्रथम वर्गातील वारस समान हिश्शाचे मालक होतात. म्हणजे आज गाडी एकट्या तुमची नाही. ती आईंची आहे, आणि बहिणी असतील तर त्यांचीही आहे. सर्वांच्या सहीचे संमतिपत्र घ्या आणि विक्रीच्या करारावरही त्यांच्या सह्या असू द्या. कोणी हरकत घेईल म्हणून हे सांगत नाही. घेणाऱ्याला निर्वेध मालकी मिळाली पाहिजे, हे त्याचे कारण आहे. मृत्यूच्या दाखल्याची प्रत आणि मूळ बिल करारासोबत द्या.

नोंदणी नसल्यामुळे आरटीओकडील ना-हरकत प्रमाणपत्र किंवा हस्तांतरणाचे अर्ज तुम्हाला लागत नाहीत. परंतु म्हणूनच करारातील वर्णन अधिक काटेकोर हवे. कंपनी, मॉडेल, सतरा अक्षरांचा चासी क्रमांक, इंजिन क्रमांक आणि मीटरवरील आकडा हे सर्व लिहा. ही गाडी केवळ शेतात आणि खासगी जागेत वापरण्याची असून ती सार्वजनिक रस्त्यासाठी नोंदलेली नाही, हे वाक्यही स्पष्ट लिहा. ट्रॅक्टर म्हणून नोंदणी होणाऱ्या एटीव्ही नंतर भारतात आल्या, त्यामुळे आपलीही नोंदेल असा घेणाऱ्यांचा समज असू शकतो.

जोखीम कोठे बदलते, हे करारात नसेल तर वाद होतो. माल विक्री कायदा, १९३० नुसार करारानुसार माल वाहतूकदाराच्या हवाली केला की सर्वसाधारणपणे तो खरेदीदाराला दिला असे मानले जाते. मात्र वाहतूकदाराशी विक्रेत्याने योग्य तो करार केलेला असला पाहिजे. निष्काळजीपणे, कोणतीही खबरदारी न घेता माल सोपवला, तर खरेदीदार ती पोहोच नाकारू शकतो. म्हणून कोणत्या मार्गाने, कोणत्या बांधणीने आणि कोणाच्या जोखमीवर, हे दोघांनी आधी लिहून ठरवावे.

आता १४ हजारांच्या भाड्याकडे पुन्हा पाहा. २००७ च्या कॅरेज बाय रोड अ‍ॅक्ट या रस्ते मालवाहतुकीच्या कायद्याखाली, जास्त किंमत जाहीर केलेली नसेल तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत मर्यादित राहते. चौदा हजारांचे दहापट एक लाख चाळीस हजार. गाडी पूर्ण नष्ट झाली तर उरलेले एक लाख कोणाचे? त्यामुळे बिल्टीवर, म्हणजे वाहतूकदाराच्या मालपावतीवर, २ लाख ४० हजार ही किंमत जाहीर करा, त्यासाठी जास्त आकार मागितला तरी द्या, आणि वाटेतल्या नुकसानीचा वेगळा मार्गस्थ विमा घ्या. नुकसान झालेच तर बुकिंगपासून १८० दिवसांच्या आत वाहतूकदाराला लेखी नोटीस गेली पाहिजे. मालाची किंमत ५० हजारांच्या वर असल्याने ट्रान्सपोर्टवाले ई-वे बिल, म्हणजे माल नेण्यासाठीचा जीएसटीचा ऑनलाइन कागद, मागतील. जीएसटी क्रमांक नसलेल्या नागरिकासाठीही ई-वे बिलाच्या संकेतस्थळावर सोय आहे.

पैसे पूर्णपणे बँकेतून घ्या. दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम एका व्यवहारात रोखीने स्वीकारणे आयकर कायद्याने १ एप्रिल २०१७ पासून निषिद्ध केले आहे. दोन लाखांपासून पुढे आरटीजीएस, म्हणजे एका बँकेतून दुसरीत मोठी रक्कम थेट पाठवणे, करता येते आणि ती सेवा डिसेंबर २०२० पासून दिवसरात्र सुरू असते. मोबाईलवर आलेल्या स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवू नका. स्वतःच्या खात्यात रक्कम दिसल्यावरच गाडी हलवा. समोरच्याने पैसे पाठवण्यासाठी तुम्हालाच क्यूआर कोड स्कॅन करायला सांगितले, तर व्यवहार तेथेच थांबवा. पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही. फसवणूक झालीच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी.

गोमाईकाठ, शहादा

मी विकणारा नव्हतो, घेणारा होतो, म्हणून दुसरी बाजू सांगतो. काही वर्षांपूर्वी मी दक्षिणेतून एक जुने शेतयंत्र न पाहता मागवले. यंत्र उत्तम अवस्थेत आले, परंतु ते कसे वागते हे मला कोणी सांगितले नव्हते, आणि पहिल्या महिन्यातच माझ्या हातून त्याचा पट्टा जळाला. तुमच्या गाडीतही पट्ट्यावर चालणारे गिअर असणार. चढावर लो गिअर टाकावा, पाण्यातून काढल्यावर पट्टा कोरडा होईपर्यंत जोर देऊ नये, थंड इंजिनला किती वेळ द्यावा, हे तुम्हाला वडिलांकडून आपोआप कळले आहे. कोडगूच्या माणसाला ते कळायला मार्ग नाही. तेथे पाऊस आपल्या कितीतरी पट पडतो आणि वाटा चिखलाच्या असतात. दोन पाने लिहून द्या. फिल्टर, पट्टा, ऑइल कधी बदलले, कोणता सुटा भाग कोठून मिळवला, हे त्यात असावे. त्यांच्याकडे जूनमध्ये पावसाळा धरतो, त्याआधी गाडी पोहोचली तर त्यांना कोरड्या वाटेवर हात बसवता येईल.

आणि गाडी भरण्यापूर्वी संपूर्ण व्हिडिओ काढा. जुने ओरखडे लपवू नका, उलट जवळून दाखवा. मी ज्यांच्याकडून यंत्र घेतले त्यांनी तसे केले होते, म्हणूनच पट्टा जळाल्यावरही मी त्यांना दोष दिला नाही.

केळीबाग, रावेर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितो आहे, कारण काम पूर्ण झाल्यावरच लिहायचे ठरवले होते.

बहीण नाशिकला असते. संमतिपत्रासाठी फोन केला तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. नंतर म्हणाली, सही करते, पण भरताना मी तेथे असेन. वडिलांनी तिला हीच गाडी चालवायला शिकवली होती, हे मी विसरलो होतो. करारावर आई, बहीण आणि मी अशा तिघांच्या सह्या झाल्या. घेणाऱ्यांना भाड्याच्या दहापटीचा हिशेब समजावून सांगितल्यावर त्यांनी स्वतःच स्वतंत्र पिकअपची तयारी दाखवली, आणि भुसावळच्या भाऊंनी सांगितल्याप्रमाणे परतीची गाडी २३ हजारांत मिळाली. विमा त्यांनी काढला. पैसे आरटीजीएसने आले आणि मी बँकेत जाऊन पासबुकावर नोंद करून घेतली.

शेजारच्या पॅकहाऊसच्या धक्क्यावरून बहिणीने गाडी स्वतः चालवत हौद्यात नेली. पट्टे आवळताना आई तेथेच उभी होती. चौथ्या दिवशी मडिकेरीहून फोन आला. डाव्या मडगार्डावर ओरखडा आहे, तो वाटेतला की जुना, असे त्यांनी विचारले. मी व्हिडिओतील त्या जागेची वेळ कळवली. तो २०१७ चा, विहिरीच्या कठड्याला घासलेला होता. त्यांनी पाहून लगेच मान्य केले.

दोन पानांच्या टिपणाऐवजी अकरा पाने झाली. बहिणीने ती हिंदीत उतरवून दिली. परवा त्यांनी विचारले की, रिव्हर्स टाकताना हँडलजवळचे पिवळे बटण दाबून धरायचे की एकदाच दाबायचे. ते मला लिहायचे राहिले होते. बहिणीने त्यांना फोन करून सांगितले.