वाचनालयात संगणक आला. ग्रंथपालाला शिकवणार कोण?

वऱ्हाडी वाचक

आमच्या तालुक्याच्या ‘ब’ वर्ग वाचनालयात (शासन वाचनालयांना अ ते ड असे वर्ग देतं, त्यावर अनुदान ठरतं) दोन संगणक आहेत. आमदार निधीतून आले त्याला सात वर्षं झाली. दर खंडेनवमीला त्यांना हळदकुंकू आणि झेंडूची माळ मिळते, एरवी त्यांच्यावर शिवून घेतलेलं कापड असतं. एकावर वार्षिक अहवाल टाइप होतो, तोही शेजारच्या झेरॉक्सवाल्याचा मुलगा येऊन करून देतो. दुसरा का बंद आहे हे कुणालाच माहीत नाही, कारण चालू करून बघणं हे कुणाचं काम तेच ठरलेलं नाही. मी कार्यकारिणीत आहे, म्हणजे या पापात माझाही वाटा आहे.

माझं म्हणणं एवढंच: यंत्रांसाठी पैसा कुठून ना कुठून येतो, कारण यंत्राचं उद्घाटन करता येतं, फोटो निघतो. माणसाला शिकवायला पैसा येत नाही. अमरावती विभागातले पाच जिल्हे धरा: अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम. या विभागातल्या शासनमान्य ग्रंथालयांच्या कर्मचाऱ्यांना संगणक आणि इंटरनेट शिकवण्यासाठी दरवर्षी वेगळा निधी हवा आणि तो दुसरीकडे वळवता येऊ नये. वाट अगदीच नाही असं नाही. केंद्र सरकारचं, कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ पासून आहे. राज्याने आपला वाटा घातला की तेही आपला घालतं, आणि त्या योजनांत प्रशिक्षण वर्ग, कार्यशाळाही बसतात. पण आपल्याकडे प्रतिष्ठान म्हटलं की लोकांना फक्त पुस्तकांचे गठ्ठे आठवतात.

ढोबळ हिशेब मांडतो. एका ग्रंथपालाचे पाच दिवस. रोजचा प्रवास २००, जेवण १५०, भत्ता ५००. झाले ४,२५० रुपये. शंभर जणांचे सव्वाचार लाख. शिकवणाऱ्याचं मानधन वेगळं. एका विभागासाठी ही रक्कम जास्त आहे का? बोला.

सडेतोड

जास्त नाही, फुकट आहे. म्हणजे फुकट जाणार आहे.

राग मानू नका दादा, पण २०२५ नंतरच्या काळात ग्रंथपालाला ‘इंटरनेट शिकवायचं’ म्हणजे काय? प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. तुमच्या ग्रंथपालबाईसुद्धा यूट्यूबवर पाककृती बघत असतील, भाचीला व्हिडिओ कॉल करत असतील. ज्याला शिकायचंय तो शिकतो. आणि प्रशिक्षणाचं म्हणाल तर पंतप्रधान ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान आठवतं का? २०१७ मध्ये सुरू झालं. सहा कोटी लोकांचं लक्ष्य, वीस तासांचा अभ्यासक्रम, पास झालेल्या दर माणसामागे शिकवणाऱ्या केंद्राला ३०० रुपये. डोक्यामागे पैसे दिले की डोकी मोजली जातात, डोक्यात काय गेलं ते नाही. तुमच्या विभागातही तेच होईल: सभागृह, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, दुपारी जेवणात गुलाबजाम, संध्याकाळी प्रमाणपत्र.

त्यापेक्षा त्या सव्वाचार लाखांची पुस्तकं घ्या.

ड वर्गातली

मी ग्रंथपाल आहे, सगळ्यात खालच्या ‘ड’ वर्गाच्या वाचनालयात. हो, यूट्यूबवर पाककृती बघते. त्यावरून देवघेवीचं सॉफ्टवेअर चालवता येत नाही, हेही सांगते.

पण मूळ धागाकर्त्या काकांनाही दोन शब्द. ड वर्गाचं वार्षिक अनुदान २०२२ च्या वाढीनंतर ४८,००० झालं, आधी ३०,००० होतं. ६० टक्के वाढ म्हणून पेपरात मोठी बातमी आली होती. यातला निम्मा भाग पगाराचा. म्हणजे वर्षाला २४,०००. बारा महिन्यांनी भागा. दोन हजार येतात. आमच्या गावात कापूस वेचायला गेलं तर आठवडा-दहा दिवसांत तेवढे सुटतात.

आता या दोन हजारांत मी पाच दिवस जिल्ह्याच्या गावी यायचं. ड वर्गात कर्मचारी एकच, म्हणजे पाच दिवस वाचनालयाला कुलूप. नेमके त्याच दिवशी निरीक्षक आले तर शेरा कुणाच्या नावाने पडणार? तुमच्या हिशेबात भत्ता आहे हे बघून खरंच बरं वाटलं. मी आजवर ज्या दोन कार्यशाळांना गेले तिथे चहा आणि फाइल मिळाली, एसटीचं तिकीट माझं मी काढलं.

आधी पगार. मग संगणक.

पारावरचा

ताईंशी शंभर टक्के सहमत. १९६७ चा ग्रंथालय कायदा आपल्याकडे आहे, पण त्यात ग्रंथालय उपकर नाही. तामिळनाडू, कर्नाटक, केरळात मालमत्ता करावर ग्रंथालयासाठी उपकर आहे, म्हणजे ग्रंथालयाच्या नावाचा पैसा दरवर्षी ठरलेला येतो. आपण बसतो अनुदानाच्या हप्त्याची वाट बघत. २०१२ मध्ये राज्यभर झालेल्या ग्रंथालयांच्या पडताळणीनंतर तर नवी मान्यता आणि दर्जावाढ वर्षानुवर्षं अडकून पडली. ज्या ‘ड’ ग्रंथालयाने मेहनत करून सभासद वाढवले, पुस्तकं वाढवली, ते तरीही ‘ड’च. अशा ठिकाणी प्रशिक्षणाचा निधी म्हणजे जखम पायाला आणि पट्टी कपाळाला.

वऱ्हाडी वाचक

पगाराचा मुद्दा मान्य, त्यावर माझा वाद नाही. पण ‘आधी हे, मग ते’ म्हणत आपण किती वर्षं काढली? पगारवाढ मंत्रालयात अडकते. प्रशिक्षण विभागाच्या पातळीवर होऊ शकतं. जे जवळ आहे ते मागू नये, कारण लांबचं मिळालेलं नाही, हे मला पटत नाही.

आणि सडेतोड, मोबाइल असणं आणि ग्रंथालयाचं काम संगणकावर येणं यात फरक आहे. आमच्याकडची गोष्ट सांगतो. आधीच्या ग्रंथपालांनी दीड-दोन वर्षं बसून नऊ हजार पुस्तकांची यादी टाइप केली. जुन्या फाँटमध्ये, श्रीलिपी होती बहुतेक. ते निवृत्त झाले, संगणक बदलला, फाँट गेला. आज ती फाइल उघडली की कागदावर मुंग्या सांडल्यासारखं दिसतं. युनिकोड (कुठल्याही संगणकावर तशीच वाचता येणारी अक्षरपद्धत) म्हणजे काय हे त्या माणसाला कुणी एक तास बसून सांगितलं असतं तर दोन वर्षांची मेहनत वाचली असती. हा एक तास यूट्यूबवर होता हो, पण असं काही शोधायचं असतं हेच त्यांना कुठून कळणार?

सडेतोड

ती फाइल बदलून देणारे कन्व्हर्टर फुकट मिळतात. अर्ध्या तासाचं काम.

वऱ्हाडी वाचक

हेच तर. तुम्हाला माहीत आहे. नऊ हजार पुस्तकांच्या वाचनालयात कुणालाही माहीत नाही.

वेलिंग्टनकर

मूळचा अकोल्याचा, आता न्यूझीलंडला. अवांतर वाटेल, पण कोहा या मोफत ग्रंथालय सॉफ्टवेअरचा जन्म इथलाच. होरोव्हेनुआ नावाचा छोटा जिल्हा, तिथल्या ग्रंथालय न्यासाची जुनी प्रणाली सन २००० ची तारीख पेलणार नव्हती. नवीन विकत घेण्याऐवजी त्यांनी स्थानिक कंपनीकडून लिहून घेतली आणि जगाला फुकट देऊन टाकली. कोहा म्हणजे माओरी भाषेत भेट. जानेवारी २००० मध्ये ती चालू झाली. आज भारतातल्या कितीतरी विद्यापीठांत चालते.

मुद्दा असा की सॉफ्टवेअर फुकट असलं म्हणून काम फुकट होत नाही. ते बसवणारा, बॅकअप घेणारा, बिघडलं तर फोन उचलणारा माणूस लागतो. अमेरिकेत गेट्स यांच्या संस्थेने १९९७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांना संगणक दिले, तेव्हा सोबत कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षणही ठेवलं होतं. २०१८ मध्ये त्यांनी ग्रंथालयांचा कार्यक्रम आवरता घेतला. म्हणजे परोपकारी पैशाला शेवट असतो, हेही धड्यात धरा.

हिशेबनीस

आपल्याकडे ई-ग्रंथालय हे सॉफ्टवेअर आहे ना, केंद्र सरकारच्या एनआयसी या संगणक विभागाचं. तेही मोफत. कोहाच्या मागे लागायला नको. पण तिथेही तेच: मोफत आहे हे सांगणारं परिपत्रक येतं, शिकवणारा येत नाही.

मला पैशाबद्दल बोलायचंय. काकांचा ४,२५० चा हिशेब कच्चा आहे. पाच दिवस सलग सभागृहात ही कल्पनाच महाग आणि निरुपयोगी. तिसऱ्या दिवशी अर्धे लोक मागच्या बाकावर पेंगतात, हे मी पाहिलंय, कारण मीही त्यांतलाच एक होतो. शिवाय शिकताना समोर असतो नवा, वेगवान संगणक. घरी परतल्यावर वाट बघत असतो तो हळदकुंकवाचा. तिकडचं शिकलेलं इकडे चालत नाही.

त्याऐवजी दोन-तीन तालुक्यांना मिळून एक फिरता माणूस द्या. त्याने महिन्यातून एकदा प्रत्येक वाचनालयात जाऊन अर्धा दिवस बसायचं. त्याच संगणकावर, त्याच दाखल नोंदवहीसमोर. वाचनालय बंद राहत नाही, ताईंना एसटीत धक्के खावे लागत नाहीत. त्याचा पगार हाच खर्च.

सडेतोड

आणि हा फिरता माणूस खरंच फिरतो की घरी बसून सह्या गोळा करतो, ते कोण बघणार?

ड वर्गातली

मी बघेन. माझ्याकडे तो आला नाही तर मलाच कळणार ना. सही माझी, तर साक्षही माझीच ठेवा.

हिशेबनीस दादांची कल्पना मला पटली. पण एक विचारू का, सगळ्यांनाच? शिकवणार काय? मागच्या कार्यशाळेत आम्हाला संगणकाच्या पिढ्या शिकवल्या. पहिली पिढी निर्वात नळ्यांची. मी वहीत लिहून घेतलं, घरी येऊन सासूबाईंना वाचून दाखवलं, दोघी हसलो.

माझ्याकडे रोज कोण येतं ते सांगते. सकाळी पेपर वाचणारे सात-आठ आजोबा. दुपारी अभ्यासिकेत भरतीची तयारी करणारी पोरं. ती मला विचारतात की हॉलतिकीट डाउनलोड होत नाहीये, फोटोची साइज कमी कशी करायची. मागच्या उन्हाळ्यात एक आजोबा घाबरून आले. फोनवर कुणी पोलीस म्हणवून त्यांना धमकावत होतं, घरातून हलू नका म्हणत होतं. माझ्याकडे का आले? कारण वाचनालय उघडं होतं आणि मी ओळखीची होते. मी फोन बंद करायला लावला आणि त्यांच्या मुलाला बोलावलं. ते बरोबर केलं का, पुढे तक्रार कुठे करायची, मला तेव्हा माहीत नव्हतं. सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा फोन नंबर नंतर पेपरात वाचला. मला हे शिकवा. निर्वात नळ्या नकोत.

पारावरचा

ताई, तुमचं कौतुक आहे, पण इथे मला धोका दिसतो. फॉर्म भरणं, हॉलतिकीट काढणं हे सेतू केंद्राचं काम. ते त्याचे पैसे घेतात. ग्रंथपालाला हे शिकवलं की उद्या प्रत्येक योजनेची केवायसी तुमच्या टेबलावर येईल, दोन हजारांतच. पुस्तकाला हात लावायला वेळ उरणार नाही. अंगणवाडी ताईंचं काय झालं बघतोच आहोत. नवीन काम शिकवणं ही ते काम गळ्यात मारण्याची पहिली पायरी असते.

हिशेबनीस

या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. खरंच नाही.

वेलिंग्टनकर

इथल्या ग्रंथालयांत लोक सरकारी फॉर्म घेऊन येतात हे खरं आहे. पण इथल्या ग्रंथपालाला त्याचा पूर्ण पगार मिळतो. तुलना थांबवतो.

वऱ्हाडी वाचक

पारावरचे, तुमचं म्हणणं दोन दिवस डोक्यात घोळलं. मी धागा काढला तेव्हा ग्रंथपाल म्हणजे आमच्या वाचनालयातली ‘व्यवस्था’ एवढंच डोळ्यांसमोर होतं. यादी, देवघेव, अहवाल. ताईंच्या आजोबांची गोष्ट त्यात नव्हती.

तरी ‘शिकवू नका, म्हणजे काम लादलं जाणार नाही’ हे मला मान्य नाही. आजोबा येणारच आहेत. शिकलेली ताई निदान सांगू शकेल की हे मी करते, हे करत नाही, आणि ओटीपी तर मलाही देऊ नका. न शिकलेली बाई फक्त घाबरेल. पण मागणी बदलतो: सभागृहातले पाच दिवस रद्द. फिरता प्रशिक्षक, आणि ग्रंथपालाला शिकण्याच्या दिवसाचा ५०० रुपये भत्ता, वाचनालयात बसून शिकली तरी. काय शिकायचं ते आधी तिला विचारायचं. हा मसुदा जिल्हा ग्रंथालय संघाच्या पुढच्या सभेत ठेवतो. उपकराचा ठराव पारावरच्यांनी लिहून द्यावा, सोबत जोडतो.

पारावरचा

लिहून देतो. ठराव मंजूर होईल, फाइलही होईल. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

सडेतोड

माझं मत बदललेलं नाही. पण ती मुंग्यांची फाइल पाठवा, करून देतो. नऊ हजार पुस्तकं म्हणजे थोडी नव्हेत.

वऱ्हाडी वाचक

धन्यवाद, मनापासून. फाइल काढायला आज वाचनालयात गेलो. दुसऱ्या संगणकावरचं कापड बाजूला केलं. बंद का होता माहीत आहे? मागची वायर काढून कुणीतरी पंख्याला लावली होती. जोडली, चालू झाला. आता पासवर्ड मागतोय. जुन्या ग्रंथपालांना फोन लावतोय, उचलत नाहीत.

ड वर्गातली

काका, कीबोर्ड उलटा करून बघा. आम्ही सगळे तिथेच चिकटवतो.